सुमेधा सिस्टरची फरशी

"ह्ये कुणी केलं?" दारातच सुमेधा सिस्टरनं विचारलं. आष्टीच्या दवाखान्यातली ड्यूटी संपवून ती आत्ताच आली होती. घरातली पांढरी फरशी कोपऱ्याकोपऱ्यापर्यंत शेणानं सारवलेली होती.

नवरा भारत खाली मान घालून उभा होता. "शूटिंगवाल्यांनी. मला वाटलं, घर हाय तसं दाखवतेत. मी तर नवे पडदे बी लावल्ते. पर फरशी पाहून साहेबाचं तोंडच उतरलं. म्हणला, ह्ये खरं खेडं न्हाई."

विलायतेहून आलेला निर्माता रूपर्ट साहेब अंगणात छत्रीखाली बसला होता. सिनेमा गरिबीवर होता आणि थाट वरातीचा. भोवती लंडनची मित्रमंडळी: पैसे घालणारा लठ्ठ बँकवाला, एक म्हातारी नटी, साहेबाची पहिली बायको आणि तिचा आताचा नवरा. सगळे थंडगार दारू पीत खिदळत होते. नटीनं नाकाला सेंटाचा रुमाल लावला होता. शेण त्यांना पडद्यावर हवं होतं, नाकाशी नको.

सुमेधाला किळस आली, ती या माणसांची. तिच्या आईनं जन्मभर दुसऱ्याच्या गोठ्यातलं शेण उपसलं. नोकरी लागली तेव्हाच सुमेधानं ठरवलं होतं, आपल्या उंबऱ्याच्या आत शेण येणार नाही. फरशी बसवली तेव्हा आई तिच्यावरून हात फिरवत राहिली होती.

"शेण कुठलं?"

साहेबाची गावातली सोय बघणारा बद्रीनाथ पुढं आला. "आमच्याच गोठ्यातलं, ताई. तुमची माय झाडायची, त्योच की." वर तो हसलासुद्धा.

पदर खोचून सुमेधानं बादली आणि ब्रश आणला आणि फरशी घासायला बसली. तेवढ्यात बाहेर गलका झाला. कॅमेरा दाराशी आला, मित्रमंडळी टाळ्या वाजवू लागली. दुभाषी मुलगी चाचरत म्हणाली, "ताई, साहेब म्हणतात, फार सुंदर. असंच घासत राहा."

आपण आपलं घर धुवायचं, तर त्याचाही यांना तमाशा! सुमेधानं ब्रश बादलीत टाकला आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून त्या ओल्या शेणातच मांडी घालून बसली. साहेबानं विनवलं, बद्रीनाथनं दम दिला, भारतनं हात जोडले. ती हलली नाही.

ऊन उतरलं तशी मंडळी कंटाळली. शेवटची गाडी गेल्याचा आवाज आल्यावर ती म्हणाली, "अहो, दार लावा."

आणि बादलीतलं पाणी बदलायला उठली.