जोडीची खोली

ऑफिसात शिरल्यावर हॅलोबाईंनी आधी दार लावलं, ते नीट लागलंय का हे ओढून पाहिलं आणि मगच त्या खुर्चीत टेकल्या. समोर वृद्धाश्रमाच्या अधीक्षिका बसल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी कानामागे पेन्सिल खोचलेला आर्किटेक्ट. जुनी इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं होतं, आणि प्रत्येकाला एकेकटं बोलावून "नव्या घरात तुम्हाला काय हवं?" असं विचारायची टूम या आर्किटेक्टनं काढली होती. कुणी गरम पाणी मागून गेलं होतं, कुणी खिडकी जरा खाली घ्या म्हणालं होतं. एका आजोबांनी तर आपल्याला सगळं चालेल, फक्त समोरच्या खोलीतले आजोबा नकोत, असं बजावलं होतं.

"मला एकटीची खोली हवी," हॅलोबाई म्हणाल्या.

अधीक्षिकांनी मान वर केली. "आणि हेडमास्तर?"

"तिला यातलं काही कळायला नको. नवीन नियमच तसा आहे म्हणून सांगा. माझं नाव कुठे येऊ देऊ नका."

"पण आजी, तुम्ही दोघी म्हणजे अगदी..."

"आम्ही दोघी म्हणजे काय ते मला माहीत आहे हो मॅडम. म्हणून तर दार लावलं."

आर्किटेक्टनं पेन्सिल काढून नकाशावर एक लहानशी खूण केली. तेवढ्या खुणेनं हॅलोबाईंना इतकं हलकं वाटलं की उठताना त्यांना गुडघे आठवले नाहीत. ऑफिसबाहेरच्या बाकावर हेडमास्तर बसल्या होत्या, पांढरी काठी आडवी मांडीवर घेऊन.

"काय गं, काय सांगितलंस?"

"काय सांगणार? तू आणि मी एकत्र. दुसरं काय?"

हेडमास्तरांनी हात पुढे केला, हॅलोबाईंनी तो धरला, आणि दोघी खोलीकडे निघाल्या. ते हलकं वाटणं जिन्यापर्यंतसुद्धा टिकलं नाही.

हा आश्रम एका प्रार्थना मंडळानं बांधलेला. प्रार्थना एकट्यानं म्हणायची नाही, एकानं ओळ सुरू करायची आणि दुसऱ्यानं ती पुरी करायची, अशी मंडळाची श्रद्धा. देवाला एकट्याचं ऐकू येत नाही असं थोडंच आहे? पण मंडळाच्या जुन्या लोकांना तसं वाटायचं खरं, आणि त्यांनी सगळी इमारतच त्या बेतानं उभी केली. प्रत्येक खोलीत दोन खाटा, दोन कपाटं आणि एक खिडकी. येणाऱ्या प्रत्येकाला जोडीदार मिळायचा, मग तुमचं पटो न पटो. ते जुने लोक गेले आणि इमारत मागे राहिली. भिंतींना ओल धरली. न्हाणीघर मजल्याच्या पार टोकाला. लिफ्ट इतकी अरुंद की स्ट्रेचर आत जायचं नाही. कुणी आजारी पडलं तर त्याला चादरीत घालून जिन्यानं उतरवावं लागे. प्रार्थनेच्या हॉलचं छत गळायचं, तिथे बादली ठेवलेली असायची, आणि अध्यक्ष डोळे मिटून देवाला आळवत असताना ती बादली मधेमधे टपटप करून आपलंही म्हणणं मांडायची. त्यामुळे पाडापाडीला कुणाचा विरोध नव्हता. नव्या इमारतीत बहुतेक खोल्या एकेकट्याच्या होत्या, प्रत्येकीला आपलं न्हाणीघर. ज्यांना जोडीनं राहायचं त्यांच्यासाठी थोड्या मोठ्या खोल्याही होत्या. मागायचा अवकाश होता.

आणि हॅलोबाईंनी मागितली होती ती एकटीची.

त्यांची सारी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती. कानाला यंत्र लावून दुसऱ्यांची बोलणी जोडून द्यायची, म्हणून हे टोपणनाव. घरी आलं तरी सुटका नव्हती. लग्नाआधी बहिणींच्या रांगेत झोपल्या, लग्नानंतर पडद्यापलीकडे सासूबाई खोकत असायच्या, आणि शेवटी अंथरुणाला खिळलेला नवरा. तो गेला आणि त्या इथे आल्या, तर इथे हेडमास्तर!

हेडमास्तर म्हणजे मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. दृष्टी हळूहळू गेली होती, पण आवाज अजून घंटा झाल्यासारखा खणखणीत. डोळ्यांचं काम हॅलोबाईंकडे आलं. सकाळी आभाळाचा रंग सांगायचा. जेवताना ताटात कुठे काय आहे ते सांगायचं. पेपर वाचून दाखवायचा, आणि तो वाचताना उच्चार चुकला की पुन्हा म्हणायचा. कोण आलं, कोण गेलं, कुणी केस रंगवले, अध्यक्षांचं पोट वाढलं का, सगळं सांगायचं. रात्री न्हाणीघरापर्यंत पोचवायचं आणि दाराबाहेर उभं राहायचं. नऊ वर्षं हे चाललं होतं. हॅलोबाईंना कधीकधी वाटे, आपण बोलायचं थांबलो तर हिचं जग आहे तिथेच बंद पडेल. आणि कधीकधी, विशेषतः पहाटे, त्यांना वाटे की पडू दे एकदा बंद.

पण हेही खरं होतं की त्या इथे आल्या तेव्हा नवऱ्याच्या दुःखानं त्यांची वाचाच बसल्यासारखी झाली होती. सगळ्यांनी गोड बोलून पाहिलं. हेडमास्तरांनी पेपर पुढे टाकला आणि म्हणाल्या, "मला दिसत नाही. वाच." त्या दिवसापासून त्या बोलायला लागल्या. पुढे एकदा छातीत कफ भरून हॅलोबाई तापानं फणफणल्या, तेव्हा ही बाई रात्रभर त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली होती. श्वास दिसत नाही तर निदान हाताला कळू दे, म्हणून. हे सगळं आठवलं की हॅलोबाईंचं मन त्यांना खायचं. आता तर ते जेवायच्या वेळा सोडूनही खात होतं.

अधीक्षिकांनी शब्द पाळला. खोल्यांचं वाटप वाचून दाखवताना त्या म्हणाल्या, "नवीन नियमानुसार या दोघींना स्वतंत्र खोल्या." झालं! हेडमास्तरांनी काठी आपटली.

"कुणाचा नियम? ज्या मंडळानं माणसांना जोडीनं राहायला शिकवलं, त्या मंडळात हा नियम केला कुणी? चल गं. आपण सगळ्यांना भेटू. मंडळाच्या सभेत सगळे आपल्या बाजूनं उभे राहिले पाहिजेत."

"राहू दे ना," हॅलोबाई म्हणाल्या. "कशाला उगाच? शेजारशेजारच्या तर खोल्या मिळतील."

"राहू दे? तुला चालेल?"

हीच वेळ होती. पण हॅलोबाईंनी ती जाऊ दिली. "छे, मला कसं चालेल?" त्या म्हणाल्या, आणि आपण काय बोललो ते ऐकून त्यांना स्वतःचीच चीड आली.

मग सुरू झाली दारोदारची फेरी. आता मजा बघा. जिला एकटीची खोली हवी होती, तीच हाताला धरून हेडमास्तरांना प्रत्येक दारी नेत होती, दार वाजवत होती, आणि आत कोण बसलंय ते हळूच कानात सांगत होती. हेडमास्तर भाषण ठोकायच्या: "ही आणि मी वेगळ्या राहू शकत नाही. काय गं?" मग थांबायच्या. हॅलोबाई म्हणायच्या, "हो ना." प्रत्येक दारात तेच. लोकांचे डोळे पाणावायचे. एका म्हातारीनं तर हॅलोबाईंचे गाल दोन्ही हातांत धरले आणि म्हणाली, "धन्य तुझी! सख्खी बहीणसुद्धा इतकं करत नाही गं." हॅलोबाई इतक्या कानकोंड्या झाल्या की तिथून निघताना त्यांनी हेडमास्तरांना जवळजवळ चौकटीवर आपटलं.

टोकाच्या खोलीत एक निवृत्त शिंपी आणि एक निवृत्त ड्रायव्हर राहायचे. हेडमास्तरांचं बोलणं संपल्यावर शिंपी म्हणाला, "तुमचं ठीक आहे बाई. मला मात्र या घोरणाऱ्यापासून सुटका हवी."

"आणि मला या कटकट्यापासून!" ड्रायव्हर म्हणाला. "मी तर ऑफिसात सांगून आलोय तसं."

"मीपण!"

दोघं एकमेकांना टाळी देऊन हसले, आणि लगेच पत्त्यांचा अर्धा राहिलेला डाव पुढे खेळायला लागले. हॅलोबाई बघतच राहिल्या. इतकं सोपं होतं? हेडमास्तरही बाहेर आल्यावर नेहमीसारख्या लगेच पुढे निघाल्या नाहीत. भिंतीशी उभ्या राहिल्या.

"गंमतच आहे नाही दोघांची?" त्या म्हणाल्या. "तोंडावर बोलले, आणि काही बिघडलं नाही."

"पुरुषांचं काय," हॅलोबाई म्हणाल्या. "चल, पुढचं दार डावीकडे आहे."

सभेच्या दिवशी हॉल भरला. अध्यक्ष, अधीक्षिका आणि आर्किटेक्ट समोर बसले होते, नवा नकाशा भिंतीवर लावलेला. हेडमास्तर उभ्या राहिल्या आणि असं बोलल्या की छताखालच्या बादलीलासुद्धा मधे बोलायचं धाडस झालं नसावं. जोडी म्हणजे मंडळाचा पाया आहे, तो पायाच खणून वर नवी इमारत कसली बांधता, असं त्यांनी विचारलं. टाळ्या पडल्या. अध्यक्ष गोंधळून अधीक्षिकांकडे वळले.

"मॅडम, असा नियम आपण केला कधी? मोठ्या खोल्या आहेत ना शिल्लक?"

अधीक्षिका लाल झाल्या. खोटेपणाचं खापर आपल्या डोक्यावर फुटतंय हे त्यांना दिसत होतं. त्यांनी हॅलोबाईंकडे पाहिलं. आर्किटेक्टनंही पाहिलं. हेडमास्तरांनी त्यांच्याकडे तोंड वळवलं होतं.

"तूच सांग ना," हेडमास्तर अगदी हळू म्हणाल्या. "तुला काय हवं ते सांग त्यांना."

हॅलोबाई उठल्या. सगळा हॉल कौतुकानं बघत होता, आणि ते कौतुकच त्यांच्या छातीवर येऊन बसलं. एवढ्या लोकांपुढे, या आंधळ्या बाईच्या तोंडावर, मला तू नको आहेस असं म्हणायचं? तसं तर त्यांना म्हणायचंही नव्हतं. त्यांना फक्त एक दार हवं होतं, आपलं आपण लावता येईल असं. पण हे कुणाला समजावणार?

"आम्हाला एकत्रच ठेवा," त्या म्हणाल्या आणि मटकन खाली बसल्या.

अधीक्षिकांनी डोळे मिटून घेतले. खोटं बोलायला लावलं ते लावलं, आणि वर भर सभेत तोंडघशी पाडलं. हॅलोबाईंना मान वर करवेना.

तेव्हा आर्किटेक्ट खाकरला. त्यानं दोन्ही बाजू ऐकल्या होत्या आणि माणूस भला होता. "असं केलं तर?" तो नकाशापाशी जाऊन म्हणाला. "शेजारच्या दोन खोल्या दोघींना देऊ, आणि मधल्या भिंतीत एक दार काढू. दोघी वेगळ्या, दोघी एकत्र."

अध्यक्षांनी सुटकेचा निःश्वास टाकला. हॉलमध्ये पुन्हा टाळ्या झाल्या. पेन्सिलीनं भिंतीत दार उमटलंसुद्धा.

"फक्त एक," आर्किटेक्ट म्हणाला. "कडी दोन्हीकडून ठेवू ना?"

"नको," हेडमास्तर म्हणाल्या. "कडी एकाच बाजूला. तिच्या."

लोक हसले. कुणीतरी म्हणालं, बरोबर आहे, यांना कडी सापडायची कशी! हेडमास्तरही थोडंसं हसल्या. हॅलोबाईंनी मात्र चमकून त्यांच्याकडे पाहिलं.

सभा संपल्यावर दोघी हॉलबाहेर पडल्या. बोळात कुणी नव्हतं. हॅलोबाईंनी त्यांचा हात धरला होता, पण तो आपण धरलाय की त्यांनी धरू दिलाय हे त्यांना कळेना.

"तुला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"ऑफिसातून बाहेर आलीस तेव्हाच. मुलींच्या थापा ऐकण्यात जन्म गेला माझा."

"मग दारोदार का फिरलीस? सभेत कशाला बोललीस एवढं?"

"प्रत्येक दारात थांबत होते ना मी? वाटायचं, आता बोलशील. त्या शिंप्याच्या दारात तर खात्रीच वाटली होती." हेडमास्तरांचा आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता. "खोली मागितलीस त्याचं मला काही नाही गं. नऊ वर्षं माझे डोळे झालीस, कोण थकणार नाही? पण मला तोंडावर सांगता येणार नाही, इतकी मी तुला लुळीपांगळी वाटले. ते लागलं."

हॅलोबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. चुकलं, माझं चुकलं, असं त्या पुनःपुन्हा म्हणत राहिल्या. हेडमास्तरांनी ऐकून घेतलं, त्यांचा हात थोपटला आणि अलगद आपला हात सोडवून घेतला.

"मी जाते भिंतीभिंतीनं. सवय करायला हवी."

त्यांनी ओलसर भिंतीला तळवा लावला आणि चालू लागल्या. एक दार मागे टाकलं, दुसरंही टाकलं, मग थांबल्या, परत आल्या, चौकट चाचपली आणि आत गेल्या. दार त्यांच्यामागे हळूच मिटलं. हॅलोबाई डोळे पुसत तिथवर आल्या. आत त्यांचीही खाट होती, त्यांचंही कपाट होतं, आणि या दारातून त्या रोज दहादा न विचारता आत शिरत असत.

त्यांनी दारावर टकटक केलं आणि आतून आवाज येण्याची वाट बघत उभ्या राहिल्या.