रिकामा कंस

जावा ही कॉम्प्युटरची मोठी कटकटी भाषा आहे. जिथे काही बिघडू शकतं तिथे ती आधीच अडून बसते: बिघडलं तर काय करायचं ते लिहा, मगच पुढे जा. आमच्या धंद्यातल्या आळशांनी यावर पळवाट काढली आहे. दोन महिरपी कंस टाकायचे आणि आत काहीच लिहायचं नाही. भाषा गप्प बसते, आणि पुढे चूक झालीच तर कुणाला पत्ता लागत नाही. असा कंस दिसला की मी नव्यांना फैलावर घेतो.

बावीस वर्षं मी एका हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर सांभाळतोय. तपासणीत शंका आली की पेशंटला परत बोलावणारी पत्रं तेच पाठवतं. आज सकाळी जुना कोड नव्या आवृत्तीवर नेताना नेमका त्या पत्रांच्या भागात रिकामा कंस सापडला. वर शेरा: 'नंतर बघू.' लिहिणाऱ्याला चार शिव्या हासडणार, तेवढ्यात शेजारची आद्याक्षरं वाचली. माझीच होती.

पेशंटचा पत्ता कोरा असला की पत्र निघायचं नाही आणि कुणाला कळायचंही नाही. मी सगळ्या नोंदी काढल्या. एक्केचाळीस पत्रं गेलीच नव्हती. सत्ताविसावं नाव ताईचं होतं.

दोन वर्षांपूर्वी ती घर बदलत होती, म्हणून तपासणीच्या फॉर्मवर पत्ता लिहिला नव्हता. आता गाठ पसरली आहे आणि ताई आमच्याकडे मागच्या खोलीत असते. भेटायला येईल त्याला सांगते, "पत्र आलं असणार हो. सामान हलवताना मीच कुठेतरी टाकलं. पहिल्यापासून धांदरट मी." मीही मान डोलवायचो.

आता गुपचूप कंसात दोन ओळी भरल्या असत्या तर विषय तिथेच मिटला असता. तसं करावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण दुपारीच घरी गेलो.

"ताई, पत्र तू हरवलं नाहीस. ते निघालंच नव्हतं. चूक माझी आहे."

तिने मला दोनदा सांगायला लावलं. मग बराच वेळ पांघरुणाची कड चाचपत राहिली.

"मला वाटायचं, माझ्याच हाताने ओढवून घेतलं," ती म्हणाली. "अशी आणखी किती जणं?"

"चाळीस."

"त्यांना कळवलंस?"

"नाही. आधी तुझ्याकडे आलो."

"माझ्याकडे येऊन आता काय होणार आहे? त्यांच्यातलं कुणी वेळेवर पोचेल तरी. जा."

तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. मला रडू आवरेना. दाराशी बुटाच्या नाड्या बांधत होतो, तेव्हा तिने आतून हाक मारली.

"पत्रं नको पाठवूस. फोन कर."