छापायचा राहिलेला फोटो

मी एक जुना पेटी-कॅमेरा आहे. माझा मालक फोटोवाला इलारियो; त्याच्या सासऱ्याने मला कपाटाच्या दारातून बनवले आणि आत हात घालायला विजारीचा एक पाय कापून बाही शिवली. माझ्या पोटातल्या अंधारातच कागदाची निगेटिव्ह धुवायची, मग तिचाच पुन्हा फोटो काढायचा, की माणूस जसा आहे तसा उमटतो. मेक्सिको शहरात, त्लातेलोल्कोच्या चौकात, आम्ही चर्चसमोर उभे असायचो. नव्या नवऱ्या माझ्यासमोर श्वास रोखून बसत. तेव्हा मला फार मोठे झाल्यासारखे वाटे.

अडुसष्ट सालच्या ऑक्टोबरात तिथे सरकारविरुद्ध विद्यार्थ्यांची सभा होती. एक मुलगा फोटोसाठी माझ्यासमोर बसला. निगेटिव्ह धुऊन झाली, तोच तो उठला. "काका, भाषणं सुरू होतायत. तुम्ही छापा, आलोच मी."

दिवेलागणीला सैनिकांनी चौक घेरला आणि गोळ्या सुटल्या. इलारियो मला पाठीवर घेऊन पळाला. माझी तिवई तिथेच राहिली.

काही दिवसांनी आम्ही परत आलो. मुलगा आला नाही. इलारियोने निगेटिव्ह डबीत घालून माझ्या तळाशी ठेवली. "आला की त्याच्यासमोर छापू," म्हणायचा. मित्रांनो, मी रोज येणाऱ्या-जाणाऱ्यांत तोच चेहरा शोधत असे.

पुढे रंगीत फोटो आले. शेजारी कणसे विकणारी चोना म्हणायची, "तुझ्या पेटीत आता कोण तोंड घालणार?"

"तुझी कणसं तरी कोण खातंय? दातवाले सगळे पलीकडे जातात," इलारियो म्हणायचा.

दरवर्षी त्या तारखेला लोक त्या दिवशी गेलेल्या आपल्या माणसांचे फोटो छातीशी धरून चौकात येत. अकराव्या वर्षी ओतिलिया नावाची बाई रिकाम्या हातांनी आली. तिची म्हातारी आई चर्चच्या पायरीवर टेकली होती.

"बाई, तुमचा फोटो कुठाय?" इलारियोने विचारले.

"जाळला. सैनिक घरोघर विद्यार्थी शोधत होते. माझा भाऊ एफ्राईन परत आला तर ओळखतील, म्हणून आईने त्याचे सगळे फोटो चुलीत घातले. तो आलाच नाही. आता आईला त्याचा चेहरा आठवेना. मला विचारते, नाक कोणावर होतं? मला तरी कुठे नीट आठवतंय, काका."

"एक मुलगा फोटो न्यायचा राहिलाय," म्हणत इलारियोने माझ्या तळातली डबी काढली. ओतिलियाने निगेटिव्ह उजेडात धरली. "हा तर कोणी पांढऱ्या केसांचा म्हातारा."

"यात काळं ते पांढरं दिसतं. दम धरा."

त्याने बाहीत हात घातला. पहिला कागद पार काळा निघाला.

"उजेड जास्त दिलास. हळू घे, घाई कसली," चोना म्हणाली. तिची कणसे करपत होती, पण ती जागची हलली नाही.

मीही भिंगातून जीव एकवटून पाहिले. दुसरा कागद माझ्या पोटातल्या रसायनात सोडला. आधी कान आले, मग हसणारे ओठ. बाहेर काढताच ओतिलियाने तो ओलाच उचलला आणि पायरीकडे धावली.

म्हातारीने फोटो डोळ्यांजवळ धरला. मग तिने फोटोतल्या गळ्यावर अंगठा ठेवला.

"बटण उघडंच ठेवलंस," ती म्हणाली. "संध्याकाळी गार वारा सुटतो, सांगितलं होतं ना तुला."

मित्रांनो, इलारियो आता नाही. मी त्याच्या नातीच्या शिवणयंत्राखाली पडून असतो, आणि चौकातल्या उन्हाची फार आठवण येते. तुमच्याही घरात असे धुरकटलेले फोटो असतील. भीतीपोटी किंवा जागा होत नाही म्हणून एखादा टाकून द्यावासा वाटला, तर आधी घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाजवळ बसा आणि हा कोण, असे विचारा. सगळे ऐकून घ्या. मग तो तुमच्याने टाकवणार नाही.