चारशे घोडे आणि एक गुडघा

मित्रांनो, मी एक जुनी मोटारगाडी आहे, आणि माझं वय विचारण्याआधी सगळे माझे घोडे, म्हणजे अश्वशक्ती, विचारतात. आमच्या मिशिगनमध्ये माझ्या जातीला 'मसल कार' म्हणतात, म्हणजे दंडाच्या बेडक्या काढून दाखवणारी गाडी. माझ्या नाकावरचा चकचकीत बिल्ला खोटा आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण मला घ्यायला येणारा प्रत्येक जण पहिल्यांदा तो बिल्ला वाचतो आणि त्यानंतर डोकं घरी ठेवून आल्यासारखा वागतो.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी फिक्या निळ्या रंगाची, दोन दारांची, सहा सिलिंडरची साधीसुधी गाडी होते. मला पहिल्यांदा घेतलं मिस एड्ना प्लॉट्झ यांनी. त्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायच्या. ऑर्गनला हातांइतकंच पायांचंही काम असतं. त्यामुळे त्यांचा पाय ब्रेकवर असा अलगद पडायचा की शेजारच्या सीटवरची अंड्यांची टोपलीसुद्धा हलायची नाही. हिवाळ्यात इथल्या रस्त्यांवर बर्फासाठी मीठ टाकतात. ते मीठ आम्हा गाड्यांना खालून कुरतडत जातं. मिस प्लॉट्झ दर आठवड्याला पाइप घेऊन माझं पोट धुवायच्या. त्यांच्याकडे होते तोवर मला कुणी वळून पाहिलं नाही. मित्रांनो, ते माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले दिवस होते.

त्या गेल्यावर त्यांच्या भाच्याने मला एका उत्साही तरुणाला विकलं. त्याच्याकडे कुठल्याशा चुराडा झालेल्या गाडीचं आठ सिलिंडरचं अजस्र इंजिन होतं. गाडीचा चुराडा झाला तरी इंजिन शाबूत राहिलं, यावरून ती कशी चालवली गेली असेल हा विचार त्याला शिवला नाही. त्याने माझं इंजिन उपसून काढलं, ते धूड माझ्या छातीत बसवलं आणि टपालाने महागड्या मॉडेलचा बिल्ला मागवून नाकावर ठोकला. घोडे चारशे झाले. ब्रेक मात्र मिस प्लॉट्झ यांच्या पायाच्या मापाचेच राहिले.

पुढच्या मालकाने माझा मागचा भाग इतका उचलला की मी कायम भेदरलेल्या मांजरासारखी दिसू लागले. त्याच्या पुढच्याने सायलेन्सर काढून टाकला, कारण आपण दूध आणायला निघालो आहोत हे अख्ख्या वस्तीला कळणं त्याला आवश्यक वाटत होतं. कुणी पट्टे ओढले, कुणी पुसून जाड केले. प्रत्येकाने मला अधिक जोरात पळवण्यासाठी काहीतरी जोडलं. थांबवण्यासाठी एकानेही एक स्क्रू पिळला नाही. थांबणं दिसत नाही ना! शेजाऱ्याला दाखवता येत नाही अशा गोष्टीवर पुरुष खर्च करत नाहीत, हे मी अनेक मालक पाहून सांगते.

अशी फिरत फिरत मी विलार्ड न्यूकर्कच्या अंगणात आले. विलार्ड मोटारीच्या कारखान्यातून निवृत्त झालेला गृहस्थ. जन्मभर गाड्या बनवल्या, त्यामुळे आपल्याला गाड्यांतलं सगळं कळतं अशी त्याची समजूत होती. त्याची बायको लोर्ना. तिला गाड्यांतलं काही कळत नव्हतं, विलार्डमधलं सगळं कळत होतं.

गेल्या पानगळीत विलार्डने मेहुण्याला शेजारी बसवून मला पळवलं. गावाबाहेरचा सरळ रस्ता जिथे संपतो, तिथे 'थांबा'ची लाल पाटी आहे आणि पाटीमागे शुगरबीटचं शेत. माझे ब्रेक तसे प्रामाणिक आहेत. पहिल्यांदा दाबले की लागतात. पण भरधाव वेगात पुन्हा पुन्हा दाबले की तापतात आणि हात वर करतात. विलार्डने एकदा दाबला, मेहुणा हसला म्हणून पुन्हा वेग वाढवला, मग पुन्हा दाबला. पाटी आडवी झाली, चर ओलांडला आणि आम्ही बीटांत जाऊन बसलो. मेहुण्याला खरचटलंही नाही. विलार्डचा उजवा गुडघा मोडला.

मग त्याने माझं काय केलं? बॉनेट ठोकून सरळ केलं, खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, रंग दिला, आणि पाठीमागे धुराची दोन नवी चकचकीत नळकांडी बसवली. ब्रेक तसेच.

लोर्ना म्हणाली, "एक तर ही जाईल, नाही तर मी."

विलार्डने बराच विचार केला. तेवढ्या वेळाचा राग तिने अजून सोडलेला नाही. शेवटी त्याने जाहिरात दिली.

दोन परगणे ओलांडून एका शनिवारी ड्वेन स्टाशाक आला. सोबत त्याची मुलगी मार्नी. तिला नर्सिंग कॉलेजला रोज लांब जायचं होतं आणि बापाने त्यासाठी गाडी 'तिच्यासाठी' शोधली होती. मला पाहून ड्वेनचे डोळे पाणावले, तेव्हाच कळलं की ही गाडी कुणासाठी शोधली आहे. पण रोज चालवणार होती ती पोरगी. पहिल्याच घाईच्या सकाळी, पहिल्याच लाल पाटीजवळ काय होणार हे अंगणात तिघांना ठाऊक होतं: विलार्डला, लोर्नाला आणि मला. मला बोलता येत नाही. विलार्डला बोलायचं नव्हतं.

इथली जुन्या गाड्यांच्या बाजाराची रीत अशी, की विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायचं. खोटं बोलणं पाप. गप्प बसणं हुशारी. विलार्ड घडीच्या खुर्चीत बसून होता, गुडघ्यावर चौकड्यांचं पांघरूण. मे महिना होता.

"इंजिन थंड आहे," बॉनेटवर तळवा ठेवून ड्वेन जाणकारासारखा म्हणाला. "खोड लपवायला आधी तापवून ठेवलं नाहीस. शाब्बास! माणूस सचोटीचा दिसतोस."

"आपल्याकडे लपवाछपवी नाही," पांघरूण नीट करत विलार्ड म्हणाला.

ड्वेनने रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं आणि माझ्या अंगावरून फिरवलं. ते पत्र्याला चिकटतं, लांबीला नाही. बॉनेटवर ते घसरून खाली पडलं.

"इथे लांबी भरलीय रे."

"या वयात सगळेच भरलेले असतात," विलार्ड त्याच्या पोटाकडे बघत म्हणाला. "तुझ्यावर लावून बघ, तिथेही पडेल."

दोघे खदाखदा हसले. झाली मैत्री. लांबी का भरली, हे विचारायचं राहून गेलं. मग ड्वेन पुठ्ठ्यावर आडवा होऊन माझ्याखाली शिरला, बाहेर येऊन टायरला लाथ मारली (यातून काय समजतं ते मला आजवर समजलेलं नाही), आणि मला एका चौकापर्यंत फिरवून आणलं. ब्रेक एकदाच दाबला. लागला.

"घोडे किती?"

"चारशे. आणि ते कमीत कमी सांगतोय."

"मार्नी, ऐकलंस? चारशे! आधी मोठा कार्ब्युरेटर घालू. मग मागची सीट काढून टाकू, वजन कमी होईल."

"मागच्या सीटवर माझी पुस्तकं राहतील ना, डॅड?"

"पुस्तकांना वजन असतं, बाळा."

लोर्ना लिंबाच्या सरबताचा जग घेऊन पायरीवर उभी होती. विकायच्या वेळी गाडीबद्दल तोंड उघडायचं नाही, असं विलार्डने तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं. तिने मार्नीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग शब्द पाळून एवढंच म्हणाली, "विलार्ड, दुसरी किल्ली आत आहे. घेऊन ये."

"तू आण ना."

"माझे हात ओले आहेत."

तिचे हात ठणठणीत कोरडे होते. विलार्डला ते दिसत होतं, पण पाहुण्यांसमोर काय बोलणार? त्याने पांघरूण बाजूला ठेवलं, खुर्चीचे हात धरले आणि उठला. अंगणातून पायरीपर्यंत तो चालला. एक पाऊल माणसाचं, दुसरं फरपटलेलं.

ड्वेन माझा बिल्ला रुमालाने पुसत होता. मार्नी त्या पायाकडे बघत होती.

"मिस्टर न्यूकर्क, गुडघ्याला काय झालं तुमच्या?"

"जुनं दुखणं आहे."

"जुनं कसलं!" लोर्ना म्हणाली. "गेल्या पानगळीतलं."

"लोर्ना, तू कबूल केलं होतंस."

"गाडीबद्दल बोलणार नाही असं. मी तुझ्या गुडघ्याबद्दल बोलतेय."

मार्नीने बापाचं लोहचुंबक उचललं, बॉनेटवर जिथून ते पडलं होतं तिथे बोट ठेवलं आणि विचारलं, "या गाडीतच झालं का?"

विलार्ड पायरीवर बसला. त्याला आता विचारलं गेलं होतं, आणि रीत म्हणजे रीत. त्याने पाटी सांगितली, चर सांगितला, बीटं सांगितली. अखेर म्हणाला, "दुसऱ्यांदा दाबला की लागत नाही, पोरी. तू जोरात असशील तर लागत नाही."

 मग ड्वेन हळूच म्हणाला, "पण चारशे घोडे..."

"डॅड!"

मला त्यांनी घेतलं, मित्रांनो. पण मार्नीने दोन अटी घातल्या: सगळ्यात आधी पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, म्हणजे तापले तरी दगा न देणारे, आणि मागची सीट जागेवर. महिनाभर मी स्टाशाकांच्या दारात चाकं काढून ठोकळ्यांवर उभी होते. शेजारी येऊन विचारायचे, "पैसे कशात घातले?" ड्वेन मान खाली घालून सांगायचा, "ब्रेकमध्ये." तेव्हा ते त्याच्या खांद्यावर हात ठेवायचे, घरात काही अशुभ घडल्यासारखा.

पुढे एके दिवशी मार्नी मला घेऊन न्यूकर्कांकडे आली. विलार्डला शेजारी बसवलं आणि त्याच सरळ रस्त्याला लावलं. तिने वेग वाढवला, ब्रेक दाबला, पुन्हा वाढवला. लाल पाटी जवळ आली. विलार्डचा लंगडा पाय समोरच्या पत्र्यावर जीव खाऊन दाबला गेला, जिथे ब्रेक नव्हता. मार्नीने तिचा दाबला, जिथे होता.

मी पाटीच्या अलीकडे उभी राहिले. तिला मी इतक्या जवळून प्रथमच नीट वाचलं. पलीकडे बीटं आपापल्या जागी होती.

पत्र्यावरचा पाय हळूहळू उचलत विलार्ड म्हणाला, "आवाज मात्र झकास आहे हं अजून."

अशा माणसांना काही शिकवता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा लोहचुंबक फिरवा, बॉनेटवर हात ठेवा, हवी तर टायरला लाथही मारा. पण आधी विकणाऱ्याला खुर्चीतून उठवा, आणि तो कसा चालतो ते बघा.