सहा फुटांवरचा गुरुलिंग

मी घडीचा कॅमेरा. पोटात काळोख, पुढं चामडी भाता, तोंडावर एक भिंग. लोहाऱ्यात कल्याणप्पांच्या कापडदुकानातल्या फळीवर बसून बोलतोय. घटकाभर टेका, सांगतो.

सोलापूरच्या एका फोटोवाल्याला लेकीच्या लग्नाला कापड हवं होतं. लढाईचे दिवस, कापडावर सरकारी कंट्रोल. कल्याणप्पांनी मांजरपाटाचे दोन तागे दिले आणि मला उचललं. घेताना माझा भाता चिमटीत धरून असा चोळून पाहिला, की मला वाटलं आता भिजवून आटतोय का तेही बघतात!

त्यांना शिकवणारं कुणी नव्हतं. माझ्या भिंगाभोवती भोक लहानमोठं करायचे आकडे आहेत. आकडा मोठा तर भोक मोठं, असं धरून त्यांनी सावलीत बसलेली गिऱ्हाइकं सोळावर टिपली. सोलापूरहून फोटो आले ते तव्यासारखे काळे. धाकटा भाऊ गुरुलिंग पोट धरून हसला. "अण्णा, अवसेचा फोटो लई झ्याक आलाय!"

अण्णा चार दिवस माझ्याकडं फिरकले नाहीत. पाचव्या दिवशी एका कोष्ट्याला सूत दाखवत होते. "हे वीस नंबरी, जाडं. हे चाळीस नंबरी, बारीक..." आणि मधेच थांबले. नंबर वाढला की सूत बारीक! गिऱ्हाईक तसंच सोडून माझ्याकडं धावले. "ह्याच्या भोकाचंबी तसंच हाय की!" कोष्टी बिचारा सुताला कुठं भोक पडलंय ते शोधत बसला.

मग अठ्ठेचाळीस साल आलं. रझाकारांच्या धास्तीनं दिवस मावळायच्या आत दारं लागू लागली. बाजारात दोघं बोलत असले की तिसरा दिसताच गप्प. अशात गुरुलिंगानं सांगितलं, "मी सरहद्दीपल्याड, लढणाऱ्या पोरांच्या कॅम्पात जातोय. निजामाच्या राज्यात आता बसवत न्हाय."

त्यांची आई गंगम्मा चुलीपुढून उठून आली. मग म्हणाली, "जा बाबा. पर तुजं तोंड कागदावर देऊन जा."

सरहद्दीपल्याडच्या सोलापूरचा माल, रोलसुद्धा, बंद झालेला. माझ्या पोटातल्या रोलावर सात फोटो काढून झालेले, एकच घर कोरं.

सकाळी ज्ञानोबा सुतार दुकानाच्या दाराला नवा अडसर बसवत होता. मागच्या अंगणात कल्याणप्पांनी मला ताग्यांच्या चवडीवर ठेवलं आणि कोपरापासून बोटापर्यंत हात टाकत गुरुलिंगापर्यंत मोजलं. सहा हात. माझा अंतराचा काटा सहावर.

हत्यार ठेवून ज्ञानोबा मागं डोकावला. "अप्पा, हे काय मोजताय?"

"अंतर. सहाला सहा."

"हे यंत्र कुणाचं?"

"सायबाचं."

"मग माप सायबाचंच असंल की. तुमचा हात सायबानं कवा बघितलाय?" ज्ञानोबानं फूटपट्टी लावली. "ही बघा, नऊ फुटं भरली!"

आधीची सात माणसंही हातानंच मोजलेली. मी सातही वेळा बघत होतो. पण मला कोण विचारतंय?

गुरुलिंगाला पुढं ओढून सहा फुटांवर बसवलं, शेजारी गंगम्मा. आभाळ भरलेलं. भोक मोठं केलं, आणि उजेड पुरावा म्हणून भिंगामागं उघडमिट करणाऱ्या पडदीचा वेग अगदी धिमा, पंचवीसवर, म्हणजे सेकंदाचा पंचविसावा भाग. "हलू नका. श्वासबी घेऊ नका." तेवढ्यात गंगम्माला आठवलं, लेकाच्या कपाळी इबूत नाही. तिनं भस्माची चिमूट उचलली, गुरुलिंगानं सवयीनं मान झुकवली आणि घाबरलेल्या अण्णांचं बोट दाबलं गेलं.

रोल गुरुलिंगानंच नेला, सोलापुरात धुवून पाठवतो म्हणून. दोन महिने कल्याणप्पा कापडावर गज टाकतानाही पुटपुटायचे, "सहा फूट... पंचवीस... हललं का? न्हाय हललं..."

पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. वाटा मोकळ्या झाल्या. गाडीवान वीरप्पानं सोलापूरहून पाकीट आणलं. फोटोवाल्यानं दिलं म्हणाला. गुरुलिंग त्याला भेटला नव्हता. फोटोत गंगम्माच्या कपाळाची आठी न् आठी उमटलेली. गुरुलिंगाच्या तोंडाच्या जागी मात्र पांढुरका फराटा. कल्याणप्पांनी कपाळावर हात मारला.

"मी नासवलं, अव्वा."

गंगम्मानं त्या फराट्यावरून बोट फिरवलं. "नासलं कशानं? हललाय. जित्तं माणूसच हलतंय."

कॅम्पातली पोरं एकेक करून परतली. गुरुलिंग नाही आला अजून. कुणी म्हणतं बार्शीला पाहिला, कुणी खाली बघतं.

आता माझा भाता कोपऱ्यात चिरलाय. कल्याणप्पांनी आतून काळी पट्टी डकवलीय. पोटात नवा रोल आहे, आठही घरं कोरी. गिऱ्हाईक कितीही विनवो, त्यातलं एक कुणाला देत नाहीत. माझं तोंड दाराकडं आहे. उंबरा बरोबर सहा फुटांवर, ज्ञानोबाच्या पट्टीनं मोजलेला.

बाबांनो, बाजारहाटाला चार गावं हिंडता तुम्ही. गुरुलिंग कुठं भेटला तर एवढं सांगा: दिवसाउजेडी ये. या खेपेला हललास तरी चालेल, अण्णांनी पडदीचा वेग शंभरावर ठेवलाय.