चौतीस पिवळ्या टोप्या

उन्हाळा लागला की शहरातल्या माणसाला कुठेतरी जावंसं वाटतं, आणि रात्री आपल्याच गादीवर झोपावंसंही वाटतं. अशा लोकांच्या जिवावर त्या सहल कंपनीचं बरं चाललं होतं. सकाळी सातला बस चौकातून निघायची, दोन तासांत डोंगरातल्या तळ्यावर पोचायची, माणसांना बोटीत फिरवून, जेवू घालून संध्याकाळी पुन्हा त्याच चौकात आणून सोडायची. बसवरच्या गाइडला सगळे 'माइक' म्हणत. माइक हातात आला की त्याच्या जिभेला हाड उरत नसे, म्हणून.

तळं दिसायला लागलं की त्याचं एक वाक्य ठरलेलं होतं. "माझी आई इतिहासाची प्राध्यापक. या तळ्याच्या गोष्टी मी तिच्या मांडीवर बसून ऐकल्यात." मग एखाद्या राजाची नाहीतर राणीची थाप. लोक माना डोलवायचे. त्याची खरी आई एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात सत्तावीस वर्षं चादरींना इस्त्री करत होती. तळं तिनं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

"एकदा तुझी बस दाखव की रे," असं ती तीन उन्हाळे म्हणत होती, आणि तीन उन्हाळे तो काहीतरी सबब सांगून वेळ मारून नेत होता. त्या रविवारी मात्र शेवटची सीट रिकामी होती आणि सबबी संपल्या होत्या.

"चल. पण मी तुझा मुलगा आहे हे कुणाला सांगायचं नाही," त्यानं बजावलं. "कंपनीचा नियम आहे. घरचं माणूस फुकट आणलं तर नोकरी जाते."

असा काही नियम नव्हता. बसचे ड्रायव्हर, ज्यांना सगळे मामा म्हणत, त्यांची बायको वर्षातून दोनदा यायची आणि चांगली पुढे बसून यायची.

सकाळी प्रत्येक प्रवाशाला कंपनीची पिवळी टोपी मिळायची. चेहरे लक्षात राहत नाहीत, टोप्या राहतात, म्हणून निघताना माइक दारात उभा राहून टोप्याच मोजायचा. आई यादीत नव्हती, तेव्हा तिला टोपी नाही. टोप्यांच्या पिशवीत एक जास्तीची पडली होती, पण ती दिली असती तर हिशेब एकानं चुकला असता. ती गुपचूप मागे जाऊन बसली, कापडी पिशवी मांडीवर घेऊन.

तळं जवळ आलं. वाक्य ओठांवर आलं आणि त्याला आरशात शेवटची सीट दिसली. गिळून टाकावं असं वाटलं त्याला. पण पहिल्या रांगेतल्या बाई मागच्या वर्षीही आल्या होत्या. त्या शेजारणीला म्हणाल्या, "आता ऐका हं, यांच्या आईची गोष्ट." मग त्यानं सांगितली. प्राध्यापक, मांडी, राजा, सगळं सांगितलं. आईनं शेवटपर्यंत नीट ऐकून घेतलं आणि मग ती खिडकीबाहेर बघत राहिली.

जेवणाच्या वेळी ती त्याच्या जवळून गेली तेव्हा हळूच एवढंच म्हणाली, "घसा बसलाय तुझा. गरम पाणी पी." तो दुसऱ्याच कुणाशी तरी बोलत असल्यासारखा उभा राहिला.

पाच वाजता त्यानं दारात टोप्या मोजल्या. बरोबर चौतीस. "चला मामा," तो म्हणाला, आणि बस निघाली.

वीस मिनिटांनी पाण्याच्या बाटल्या वाटत तो मागे गेला. शेवटच्या सीटवर कापडी पिशवी होती. नुसती पिशवीच. त्यानं फोन लावला तर तो पिशवीतच वाजायला लागला. अख्खी बस मोजली आणि जन्मदातीलाच विसरला, असा शहाणा.

तो मामांपाशी आला. "बस वळवा. एक बाई राहिल्यात."

"टोप्या मोजल्यास ना?"

"मोजल्या. त्यांच्याकडे टोपी नव्हती."

मामांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि पुढच्या वळणावर बस फिरवली. बसमध्ये कुरकुर सुरू झाली. कुणाकडे पाहुणे यायचे होते, कुणाचं डोकं उन्हानं चढलं होतं.

"कोण हो या बाई? कुणाच्या आहेत?" पहिल्या रांगेतल्या बाईंनी विचारलं.

"एकट्याच आल्यात," माइक म्हणाला.

बोलून गेला आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सकाळची थाप निदान गमतीची म्हणता आली असती. हिला काय म्हणायचं? तळ्यापर्यंतचा सगळा रस्ता तो पाठमोरा उभा राहिला, कारण माणसांकडे बघायला त्याला तोंड नव्हतं.

दुपारी सगळे जेवले होते त्या तळ्याकाठच्या हॉटेलच्या पायरीवर ती बसली होती. मांडीवर थर्मास. बाजूला मॅनेजर वैतागून उभा होता. "केव्हाचा विचारतोय, मुलगा, सून, कुणाला फोन लावू? तर म्हणतात, माझं कुणी नाही. बस येईल, म्हणतात."

आई लगबगीनं उठली. "माफ करा हं साहेब, पाणी तापायला वेळ लागला," ती माइकला म्हणाली आणि त्याच्याकडे न बघता थर्मास त्याच्या हातात देऊन बसमध्ये चढली.

"वेळेचं भान ठेवावं हो माणसानं," पहिल्या रांगेतून आवाज आला. "किती खोळंबा झाला."

"चुकलं माझं," आई म्हणाली. पुढच्या रांगेपाशी पुन्हा, "चुकलं माझं." मान खाली घालून, एकेका रांगेची माफी मागत ती मागे निघाली.

चौथ्या रांगेपर्यंत त्यानं ऐकलं. मग माइक हातात घेतला. पहिल्यांदाच त्याला शब्द सापडेनात.

"ही माझी आई आहे," तो म्हणाला. "प्राध्यापक नाही. हॉटेलात इस्त्री करते. हिची काही चूक नाही. टोपी मी दिली नव्हती, आणि मगाशी तुमच्याशी खोटंही मीच बोललो."

मामांनी गाडी सुरू केली.

तो मागे जाऊन तिच्या शेजारी बसला. वाटलं होतं, आता ती रागवेल, निदान रडेल तरी. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिनं त्याचं मनगट घट्ट धरलं.

"मी नव्हतं रे सांगितलं," ती कुजबुजली. "त्या मॅनेजरनं किती विचारलं, तरी नाही सांगितलं. आता तुझी नोकरी तर जाणार नाही ना?"