दुसऱ्या कोष्टकातल्या दोन ओळी

सरांनी कागद टेबलावर ठेवला आणि दुसऱ्या कोष्टकातल्या चौथ्या ओळीवर बोट दाबून धरलं.

"हे बघ. चौथी ओळ पाचवीच्या जागी, पाचवी चौथीच्या. वहीत बरोबर आहे. टाइप करायला देताना उतरवून काढली, तिथे मीच माती खाल्ली. एकतीस वर्षांपूर्वी."

समोरची विभागप्रमुख एके काळची त्यांचीच विद्यार्थिनी, अगदी पहिली. तिने चष्मा लावला, पण कागदाकडे पाहिलं नाही.

रेणूंमधले बंध किती घट्ट असतात, हे प्रयोगशाळेची पायरीही न चढता नुसत्या गणिताने सांगायची पद्धत सरांनी हे कोष्टक असलेल्या लेखात मांडली होती. पुढे चार हजारांवर लेखांनी तिचा हवाला दिला. येत्या सोमवारी विभागाच्या सभागृहाला सरांचं नाव द्यायचं होतं, आणि भाषणासाठी जुनी वही चाळताना नेमकं हे सापडलं. आठ दिवस घशाखाली घास उतरला नव्हता. चार हजार लोकांची गणितं आपण बुडवली! शेवटी त्यांनी दुरुस्तीचं पत्र लिहून आणलं होतं; तेही त्यांनी तिच्यापुढे ठेवलं.

"सोमवारच्या आधी संपादकांकडे जाऊ दे. झाली शोभा तर होऊ दे."

"शोभा नाही होणार, सर."

"अगं, चार हजार जणांनी..."

"वापरलं नाही कुणी," ती हळूच म्हणाली. "हे आकडे घेऊन कुणी बसलं असतं, तर महिनाभरात तुम्हाला पत्र आलं असतं. उत्तरं भलतीच येतात. आधीच्याने तुमचं नाव दिलं म्हणून पुढचा देतो. गणित सगळे जुन्याच पद्धतीने करतात."

सरांना आधी हायसं वाटलं. मग मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्या लोकांत एकानेही करून बघू नये? आणि मग त्यांच्या ध्यानात आलं.

"भलतीच येतात, हे तुला कसं ठाऊक?"

तिने चष्मा काढून रुमालाने पुसला.

"मी वापरलं होतं, प्रबंधाच्या वेळी. साडेतीन महिने उत्तर जुळेना. वाटलं, आपलंच डोकं चालत नाही."

"मग मला येऊन सांगायचं नाहीस?"

"आले होते. सुट्टीही मागितली होती. बाबांचं काही खरं नाही, असा घरून फोन आला होता. तुम्ही म्हणालात, कोष्टक बरोबर आहे, चूक तुझी आहे. आधी उत्तर जुळव, मग जा."

सरांना ते आठवलं नाही. पण वाक्य आपलंच, हे त्यांनी ओळखलं. असलं काहीतरी ते सगळ्यांनाच सुनावायचे आणि वर स्वतःच हसायचे.

"मग?"

"जुन्या पद्धतीने जुळवलं आणि गेले. तोवर सगळं आटोपलं होतं."

"आणि प्रबंधात?"

"तुमचाच हवाला दिला, सर. तुम्ही मार्गदर्शक होतात. पहिला हवाला माझाच आहे."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर सरांना बरं वाटलं असतं.

त्यांनी पत्र स्वतःकडे ओढलं. 'या चुकीमुळे ज्यांचं नुकसान झालं, त्या सर्व संशोधकांची मी क्षमा मागतो.' 'सर्व संशोधकांची' यावर त्यांनी काट मारली आणि वरच्या मोकळ्या जागेत तिचं नाव लिहून पत्र तिच्यापुढे सरकवलं.

"असं छापत नाहीत, सर," ती म्हणाली.

पण पत्र तिने परत केलं नाही.